देवराजाचा कौल

पुराचा तिसरा महिना, दिवस चौथा

लिहा, जावईबापू. आधी दिवस, मग माझं नाव. वाबखेत, रंगारी केन्ना याची बायको. बायको लिहा, विधवा नको. तो डोंगरात झोपायला गेला म्हणजे मी त्याची कोणी लागत नाही असं होत नाही.

चाळीस वर्षं मी बोरूच्या कुरकुरीत झोपले आणि उठले. केन्ना राजांच्या थडग्यांत भिंती रंगवायचा आणि घरी येऊन दिवसभराचं टिपण ठेवायचा. तो गेला आणि घर मुकं झालं. मला अक्षराची ओळख नाही. म्हणून आता माझ्या लेकीचा, हुन्रोचा, नवरा नाखी रोज दुपारी माझ्या उंबऱ्यावर बसतो, मी बोलते आणि तो चुनखडीच्या कपचीवर उतरवतो. बदल्यात त्याला मी कांदे देते आणि टोमणे देते. नाखी नदीच्या पैलतीरचा. घरजावई म्हणून आला, थडग्यांच्या कामावर लागला, तेव्हापासून सगळं गाव त्याला जावईबापूच म्हणतं.

आज जावईबापूंची उजवी भुवई अर्धी जळलेली आहे. दिव्यावर वाकलो होतो म्हणतात. आम्ही डोंगराच्या पोटात वाती मोजून काम करणारी माणसं, आणि ह्यांना दिवा दिसला नाही! म्हटलं, "हुन्रोकडे बघत होतात वाटतं." माझ्या लेकीला सातवा महिना आहे. लाजला. किंवा घाबरला. पुरुषांचं तोंड दोन्ही वेळा सारखंच दिसतं.

हे हसणं सकाळचं. नंतर ओरडा झाला. वरच्या वाटेचा राखणदार कासा मेलेला सापडला.

मी गेले बघायला. मला कोणी थांबवत नाही, मी हळू चालते म्हणून सगळे समजतात मी पोचणारच नाही. कासा त्याच्या दगडी खोपटासमोर पालथा पडला होता. दगड फोडताना छिन्नीवर मारायची लाकडी मोगरी डोक्यात घातली होती, एकदा नाही, चार-पाचदा. डोक्याची मागची बाजू वाटीसारखी आत गेलेली. एक डोळा गालावर आलेला आणि त्यावर माश्या. त्याच्या तोंडात दोन दात होते, तेही पुढे वाळूत पडले होते. सत्तरीचा म्हातारा. पहाऱ्यावर रोज झोपायचा. केन्नाच्या आधी मला ह्याने मागणी घातली होती आणि मी म्हटलं होतं, तू फार हळू बोलतोस. अशा माणसाला मारायला मोगरी कशाला हवी? फुंकर पुरली असती.

इथे काळा डाग पडलाय तो जावईबापूंच्या शाईचा. हात हलला म्हणतात. हलणारच. कासाने ह्यांना लग्नात स्वतःच्या हातची चटई विणून दिली होती.

दिवस सहावा

कासाला का मारलं ते कळलं. वरच्या दरीतलं एका जुन्या राणीचं थडगं फुटलंय.

मुकादम उसेरहात चार माणसं घेऊन आत उतरला. माझा मुलगा पेन्दुआ त्यांत होता. परत आला तो दारातच ओकला. तीस वर्षांचा बाप्या, पण मी त्याचं कपाळ धरलं, लहानपणी धरायचे तसं.

"आई, राणीच्या शवपेटीवर सोन्याचा पत्रा होता," तो म्हणाला. "तो सोलायला वेळ लागतो, म्हणून अख्खी पेटीच पेटवली. सोनं वितळून खाली आलं ते खरवडून नेलं."

"आणि राणी?"

"आधी बाहेर ओढली. ताईत शोधायला फाडली. पाय एका खोलीत, धड दुसऱ्या खोलीत. डोकं उंबऱ्यावर ठेवलं होतं, आत येणाऱ्याकडे तोंड करून. वेणी अजून घातलेली होती, आई."

पेन्दुआही बापासारखा रंगारी. राजे त्याला सांगतात, लाखो वर्षं टिकेल असं रंगव. आणि त्याच राजांकडून मजुरीचं धान्य चार महिने आलेलं नाही. लाखो वर्षांचं बोलणाऱ्याला चार महिने म्हणजे काय वाटणार! गावात बायका डाळीचं पाणी पोरांना पाजताहेत. आमच्याकडे तेवढं बरं आहे. जावईबापूंनी पैलतीरच्या कुणाची तरी पत्रं लिहून दिली, त्याने मधाचा बुधला दिला आणि गव्हाचं पोतं दिलं. हुन्रोच्या गालावर जरा रंग आलाय. एवढी कसली पत्रं होती म्हटलं, तर म्हणतात, "प्रेमपत्रं, सासूबाई." बरोबर. तीच सगळ्यांत महाग.

दिवस नववा

पैलतीरहून राजाचे कारभारी आले. तीस शिपाई, साठ काठ्या. प्रत्येकाच्या दोन हातांत दोन. कारभाऱ्यांच्या डोक्यावर केसांचा टोप होता, उन्हाने घाम येऊन तो डाव्या कानावर घसरला होता आणि कुणाची सांगायची हिंमत नव्हती. मीही नाही सांगितलं. नंतर वाईट वाटलं नाही.

ते म्हणाले, अंधारात थडग्याची वाट सापडते ती फक्त थडगी करणाऱ्यांना. तेव्हा चोर ह्याच गावात आहे. मग त्यांनी रंगाऱ्यांची घरं विचारली.

पेन्दुआ माझ्यासमोर कांदा चिरत होता. दोघे आत आले. एकाने त्याचे केस मुठीत धरून डोकं मागे खेचलं आणि दुसऱ्या हाताने काठी उगारली. मी जागीच थांबले. अहो, हे चित्र मी जन्मभर पाहत आलेय! प्रत्येक देवळाच्या दारावर आहे. राजा एका मुठीत शत्रूंचे केस धरतो, दुसऱ्या हातात गदा उगारतो आणि शत्रू गुडघ्यावर. केन्नाने ते चित्र काढलं, त्याच्या बापाने काढलं, पेन्दुआने चौदाव्या वर्षी पहिल्यांदा काढलं ते ह्याच घराच्या भिंतीवर. मोठमोठे राजे आले आणि गेले, हे चित्र कुणी बदललं नाही. आज ते माझ्या स्वयंपाकघरात उभं राहिलं. शिपायाचा मागचा पाय मात्र चुकीचा होता. केन्नाने दुरुस्त करायला लावला असता.

पहिला फटका दातांवर. दुसरा कानावर. मी मध्ये गेले तर मला धक्का दिला, मी राखेत बसले. "म्हातारे, गप," म्हणाला तो पोरगा. माझ्या धाकट्या नातवाच्या वयाचा असेल, मला असता तर.

पेन्दुआला ओढत नेलं. अर्धा चिरलेला कांदा पाटावर राहिला. मी तो फेकला नाही, दुपारी भाकरीबरोबर खाल्ला. घरात खायचं टाकायचं नाही असं मीच पोरांना शिकवलंय.

जावईबापू तेव्हा घरात नव्हते. कुठे होतात? लिहा, विचारलं असं. उत्तर दिलं नाही असंही लिहा.

दिवस दहावा

देवळाच्या आवारात तळव्यांवर मारतात. भिंतीपलीकडून मोजलं, सत्तरपर्यंत. पुढचं मला मोजता येत नाही.

दिवस बारावा

काल पेन्दुआच्या हातांना लाकडी चाप लावून पिळलं. रंगाऱ्याचे हात. मग तो बोलला.

काय बोलला तर, हो, मीच थडगं फोडलं. राणीच्या थडग्याशिवाय आणखी कुठलं, म्हणाले. आता बिचाऱ्याला काय ठाऊक? दरीत इतकी थडगी आहेत. त्याने त्याला पाठ असलेलं एकच सांगितलं, बापाने रंगवलेलं. लहानपणी केन्ना त्याला तिथे न्यायचा, रंगाची वाटी धरायला. किती पायऱ्या, कुठे वळण, कुठे छत खाली येतं, सगळं डोळे मिटून ठाऊक. त्याने ते सांगितलं आणि कारभाऱ्यांनी डोळ्यांना फडकं बांधून त्याला तिकडे नेलं. तळवे सुजून भाकऱ्यांसारखे झालेत, तर गाढवावर घालून. तिथे फडकं सोडलं आणि त्याने बोट दाखवलं. त्यांनी दाराचा शिक्का फोडला.

आत सगळं जागच्या जागी. राजकन्या झोपलेली, पेटी बंद, फुलांचे हार सुकून तसेच. कोणी शिवलं नव्हतं.

आता झालंय असं की राजघराण्याचा न फुटलेला शिक्का खुद्द कारभाऱ्यांनी फोडला. हे वर कळलं तर त्यांचं नाक आणि कान दोन्ही जातील. तेव्हा त्यांनी ठरवलंय की तोही गुन्हा पेन्दुआचाच. त्याने शिक्का फोडवला म्हणून. ह्या गुन्ह्याला सुळाची शिक्षा आहे. सूळ तासायला सुतार बसलाय, आमच्याच गल्लीतला. माझ्याकडे बघत नाही.

मी मुकादम उसेरहातच्या दारात जाऊन बसले.

"काकी, माझ्या हातात काही नाही," तो म्हणाला.

"तुझ्या हातात कधीच काही नव्हतं, उसेरहात. लहानपणी सुद्धा माझ्याच खजुराच्या झाडाखाली हात रिकामे दाखवायचास. मला देवराजाचा कौल लावायचाय."

 देवराजा म्हणजे ज्याने आमचं गाव वसवलं तो राजा. कित्येक पिढ्यांपूर्वी मेला आणि आमचा देव झाला. गाढव हरवलं, भिंत कुणाची, सून कुणाच्या नावाने कुजबुजते, सगळं आम्ही त्यालाच विचारतो. आमचीच चार माणसं डोकी भादरून त्याची मूर्ती खांद्यांवर घेतात. प्रश्न विचारायचा. देव पुढे सरला तर हो, मागे सरला तर नाही. एकच प्रश्न तीनदा विचारायचा हक्क आहे आणि शेवटचं उत्तर खरं धरतात.

"कारभारी मानतील?" उसेरहात म्हणाला.

"देवराजा आताच्या राजाचा पूर्वज आहे. राजाच्या आजोबा-पणजोबांना खोटं म्हणणारा कारभारी दाखव मला. त्याच्या टोपासकट दाखव."

दिवस चौदावा

कारभाऱ्यांनी मान्य केलं. त्यांनाही बरंच वाटलं असावं. देव हो म्हणाला की शिक्क्याचं खापर कायमचं निघालं.

जावईबापूंना मात्र हे पटलं नाही. जेवले नाहीत. "कौल उलटा गेला तर, सासूबाई? मग काही उरणार नाही."

"देव खरं सांगतो ना?"

"सांगतो."

"मग तुम्हाला कशाची काळजी?"

जावईबापू पुढच्या डाव्या खांद्याचे मानकरी. उजवा खांदा पेन्दुआचा असायचा, आता तिथे एक गवंडी उभा राहणार. मी म्हटलं, तुम्ही आहात म्हणून मला धीर आहे. घरचा माणूस देवाजवळ आहे. ते उठून बाहेर गेले. हुन्रो म्हणते रात्रभर उठून बसतात, मेव्हण्याच्या काळजीने. लोक जावयांना नावं ठेवतात. मला चांगला मिळाला.

दिवस सतरावा, कौलाचा

लिहा. आज हळू सांगेन. डावीकडची बरगडी मोडलीय, श्वास घेतला की आत काटा फिरतो. तुम्हीही हळू लिहा, शाई सांडू नका.

सगळं गाव जमलं. पेन्दुआला गाढवावरून आणून खांबाला टेकवलं. तोंड इतकं सुजलेलं की मी त्याला कानांवरून ओळखलं. मागे सूळ उभा केला होता, नवा, पांढरा, ताज्या लाकडाचा वास येत होता. देवळातून देवराजा बाहेर आला आणि सगळ्यांनी हात वर केले, माना वर केल्या.

माझी मान वर होत नाही. पाठीला बाक आलाय त्याला आठ वर्षं झाली. सगळं गाव देवाचं तोंड बघतं, मी बघते पाय. आठ वर्षं मी कौल पायांवरूनच ऐकतेय. उचलणाऱ्यांची आठ पावलं. देव हलतो तेव्हा कुठलंच पाऊल आधी हलत नाही, आठही एकदम ओढली जातात, जशी पुरात होडी ओढली जाते. ते मी कित्येकदा पाहिलंय. कुणी शिकवून तसं जमत नाही.

उसेरहातने विचारलं, "देवा, रंगारी पेन्दुआने राणीचं थडगं फोडलं का?"

पुढचा डावा पाय हलला. आधी अंगठा वाळूत रुतला, मग टाच उचलली. मग उजवा पाय. मग मागचे, ओढून, अडखळत. मूर्ती एक हात पुढे आली.

हो.

बायका ओरडल्या. कारभाऱ्यांनी बोट उचललं, दोन शिपायांनी पेन्दुआच्या काखेत हात घातले. त्याचा लंगोट सोडायला लागले. सुळावर देण्याआधी माणसाला उघडं करतात.

पाय कुणाचा ते लिहा, जावईबापू. थांबलात का? लिहा. अंगठ्याचं नख काळं, दगड पडून झालेलं. माझ्याच दारात माझी लेक रोज ते पाय धुते. मला वाचता येत नाही, तुम्ही दुसऱ्या कुणाचं नाव घातलंत तरी मला कळणार नाही. तुमच्या मनाला येईल ते लिहा.

नाखीचा पाय.

मी म्हटलं, "थांबा. माझे अजून दोन प्रश्न बाकी आहेत." आणि मी देवराजाच्या वाटेत आडवी झाले. आडवं व्हायला मला वेळ लागतो. आधी गुडघा, मग हात, मग कूस. गर्दीत कुणीतरी हसलं. देवराजाला घाई नव्हती.

"देवा," मी म्हटलं, "माझ्या पोराने थडगं फोडलं असेल तर पुढे ये. तो माझ्या पोटातून आलाय, माझ्या पोटावरूनच जा."

 खांबांवर मूर्ती करकरत होती. मला वर दिसत होते ते तुमचे गुडघे, जावईबापू. मग डावा पाय उचलला. मला वाटलं नव्हतं तुम्ही ठेवाल. ठेवलात. घामाने ओला होता. सगळ्या मूर्तीचा भार त्यातून आला आणि माझी बरगडी कडकन वाजली. लोकांना वाटलं मूर्तीचा खांब मोडला.

मी ओरडले नाही. तेवढा श्वासच नव्हता.

मग पाय थरथरला. गाढव ओझ्याखाली बसायच्या आधी थरथरतं तसा. आणि उचलला गेला. आणि आठही पाय एकदम मागे गेले. एक हात, दोन हात, पार देवळाच्या भिंतीपर्यंत. भिंतीवर आदळून मूर्तीच्या मुकुटाची चुन्याची कड पडली. ते पाऊल कुणाचंच नव्हतं. एवढं मला कळतं.

कारभाऱ्यांना पेन्दुआला सोडावं लागलं. पण जाताना म्हणाले, दहा दिवसांत खरा चोर द्या. नाहीतर घरटी एक माणूस काठीखाली. चोर आपणहून आला तर त्याचा एकट्याचा जीव. आम्हाला शोधावा लागला तर बायको-पोरांसकट खाणीवर.

झालं. आजचं एवढंच. मला कुशीवर वळवा आणि जा.

दिवस अठरावा

आलात. मला वाटलं होतं नदी ओलांडून पळाल. बसा. बोरू काढा.

जे बोलू ते लिहायचं. माझंही आणि तुमचंही.

मी म्हटलं, "भुवई पेटीच्या जाळावर भाजली?"

"हो."

"मध आणि गहू?"

"सोन्याचे."

"बरोबर कोण होतं?"

"पैलतीरचे दोन तांबट. पळाले. वाट मी दाखवली."

"का?"

"सासूबाई, आम्ही दोन पोरं पुरली. तुमच्याच हातांनी गाडग्यात घालून पुरली. दोन्ही वेळा हुन्रोच्या अंगावर दूध नव्हतं. आम्ही राजांसाठी सोन्याच्या खोल्या करायच्या आणि आमच्या बायकांच्या छात्या सुकायच्या. ती राणी मेलेली होती. तिला काय दुखलं असेल?"

"आणि कासा?"

"त्याला त्या दोघांनी मारलं. मी आत होतो."

मी विश्वास ठेवला. माझ्या लेकीचा नवरा चोर आहे एवढं माझ्या बरगडीत मावत होतं, त्याहून जास्त मावलं नसतं.

शेजारच्या खोलीत हुन्रो दळत होती. ते दळणं थांबलं. मग ती दारात आली, पिठाचे हात, पोट पुढे.

"काय लिहिताय?" ती म्हणाली.

नाखीने कपची पालथी घातली.

"आई, काय लिहून घेतेयस त्याच्याकडून?"

"तुझा नवरा सांगेल."

"तू सांग. तुला नेहमी बोलायला हवं असतं ना? बोल."

मी सांगितलं. ती खाली बसली नाही, रडली नाही. तिने येऊन माझ्या तोंडात मारलं. पिठाच्या हाताने. मग त्याच्या तोंडात मारलं, तीनदा, तो हललाही नाही. मग ती दोघांच्या मध्ये उभी राहून विचारत होती, कुणाला न बघता, "मग आता कोण मरणार? कोण? मला कोणी सांगणार आहे का, कोण?"

मी म्हटलं, "हुन्रो, शोधून काढला तर तू आणि पोर खाणीवर. तिथे बाळंतीण चार दिवस जगते. आपणहून गेला तर तू इथेच."

"तुझा पेन्दुआ सुटला म्हणून तुला बोलता येतंय."

 

नाखी म्हणाला, "सासूबाई, मी स्वतः लिहितो. तुम्ही सांगू नका." त्याने नवी कपची घेतली, बराच वेळ लिहिलं, दोन्ही बाजूंना. काय लिहिलं ते मला वाचून दाखवलं नाही. मी मागितलंही नाही. कपची घेऊन तो आता उसेरहातच्या घराकडे निघालाय. चपला उंबऱ्यावरच ठेवतोय. ही शेवटची ओळ जाण्याआधी तोच लिहितोय, मी सांगते तशी.

दिवस तेविसावा

हे पेन्दुआ लिहितोय. त्याची दोन बोटं सरळ होत नाहीत आणि आडव्या रेघा खाली घसरतात, असं तो म्हणतो. मला काय, मला सरळ रेघही वाचता येत नाही.

नाखीची कपची पंचांसमोर उसेरहातने वाचली. मी ऐकलं. सगळं होतं. तांबट, जाळ, मध, कौलात हलवलेला पाय. आणि शेवटी हे होतं, उसेरहातने दोनदा वाचलं, पहिल्यांदा त्याचा आवाज निघाला नाही म्हणून:

"कासाला मोगरी मी घातली. सोनं घेऊन खाली येताना तो खोपटातून उठला. त्याने मला ओळखलं. म्हणाला, 'जावईबापू, घरी जा, हुन्रो वाट बघत असेल. मी काही पाहिलं नाही.' तो खरंच कुणाला सांगणार नव्हता. मला ते तेव्हाही कळत होतं."

कासा फार हळू बोलायचा. इतकं सगळं बोलायला त्याला वेळ लागला असेल. तेवढा वेळ मोगरी वर होती.

आज सकाळी सुळावर दिलं. घरचं कोणी असावं म्हणून मी गेले. हुन्रोला बायकांनी धरून ठेवलं. सुळाचं टोक बरगड्यांखाली बसवतात आणि माणसाचं स्वतःचं वजन पुढचं काम करतं. शिपायांना फक्त पाय सोडायचे असतात. माणूस लवकर मरतो म्हणतात, पण ते जाड असेल त्याच्या बाबतीत खरं. नाखी हलका होता. चार महिने धान्य न आलेला माणूस. ऊन डोक्यावर येईपर्यंत त्याचे पाय हवेत चालत होते. मी पायांकडेच बघत होते, माझी मान कुठे वर जाते. काळं नख. मग ते थांबले. शिपायांनी भाकरी काढली.

संध्याकाळी उसेरहात आला. म्हणाला, वरून हुकूम आहे. नाखीचं नाव सगळ्या नोंदींतून खरवडायचं. नाव राहिलं नाही की तो मेल्यानंतरच्या जगातही जगणार नाही. तुमच्या कपच्यांवर त्याचं नाव आहे, काकी, त्याही द्या.

म्हटलं, "मला कुठे वाचता येतं, उसेरहात? कशावर कुणाचं नाव आहे मला कसं कळणार? तू शोधत बस. केन्नाच्या धरून घरभर कपच्या आहेत, अर्ध्यांवर तुझ्या लहानपणच्या चोऱ्या आहेत."

तो गेला. परत आलेला नाही.

चौथा महिना, दिवस चौथा

हुन्रोला मुलगा झाला. आठव्यातच आला, पण रडतो जोरात. दूध आहे. मला तिच्या खोलीत येऊ दिलं नाही. मी दाराबाहेर माशाचा रस्सा ठेवते, ती घेते, भांडं धुऊन परत ठेवते. नाखी गेल्यापासून माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. पेन्दुआशीही नाही. तो तिच्या दारावरून काठी टेकत जातो तेव्हा ती दार लावते.

पेन्दुआ म्हणतो, "आई, मला सोडवायला नको होतंस."

म्हटलं, "तुझ्या तोंडात मारायला मला उठावं लागेल. तूच मारून घे."

दिवस अकरावा

सकाळी पाणी आणणारी गाढवं आली. हुन्रोचा रांजण रिकामा होता. ती दारात आली, पोर कडेवर, रांजण दुसऱ्या हातात, आणि दोन्ही एकदम नेता येईना. गल्लीत दुसरं कोणी नव्हतं. तिने इकडे तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"धर जरा," म्हणाली.

मी धरला. एका बाजूला जड आहे, डोकं मोठं. डोळे मिटलेले, मुठी आवळलेल्या. ती पाण्याच्या रांगेत गेली. मागे वळून पाहिलं नाही, पण घाईही केली नाही.

पेन्दुआ शेजारी बोरू घेऊन बसलाय. विचारतोय, पुढे काय लिहू.

म्हटलं, थांब, आता नको. माझे हात गुंतलेत.

तो म्हणतो, "आई, सांगायला हात कशाला लागतात?"